आठ हातांची नाव

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नाव?" आणि मी सरळ मनाने सांगितलं, "नाव."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवल्यामुळे ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. शेवटच्या बाकाकडे मी स्वतः तशीच टाकत आलो होतो. ती आपल्या अंगावर आली की कशी लागते हे मात्र साठी उलटल्यावर कळलं. बाई म्हणाल्या, जलाशयात काय फिरवायचं ते नंतर; आधी त्या माझं नाव विचारत होत्या. मी ते सांगितलं. ते लिहून झाल्यावर पुढच्या रकान्यावर पेन टेकवून त्यांनी पुन्हा विचारलं, "नाव?" आता मी शहाणा झालो होतो, म्हणून पुन्हा माझंच नाव सांगितलं, या वेळी आडनावासकट. पण तो रकाना जलयानाच्या प्रकाराचा होता. लाँच, तराफा की नाव, एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या मागे रांगेत उभा असलेला माणूस हसला आणि मग खोकल्यासारखं करू लागला.

तिसरा रकाना नावेच्या नावाचा. नाव अजून बांधलीच नव्हती, तर तिला नाव कुठलं असायला? मी म्हटलं, नाव नाही. बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "नाव नाही." मग अश्वशक्तीचा रकाना आला. इंजिन नाही, दोन माणसं वल्हवणार, असं मी सांगितलं. त्यांनी माणसांची वयं विचारली. बासष्ट आणि सहासष्ट. बाईंनी क्षणभर विचार केला आणि शून्य लिहिलं. बारा दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर साहेबांचा शेरा होता: "अर्जदाराकडे नाव नाही, असे अर्जावरून दिसते. नसलेल्या नावेस परवानगी देण्याचा प्रश्न उद्भवत नाही." शेऱ्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे मला जास्त लागलं.

हा सगळा उपद्व्याप बाबांमुळे. बाबा सत्त्याऐंशीचे. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "मला आता पलीकडे जायचंय." सत्त्याऐंशीव्या वर्षी माणसाने असं बोलू नये. माझ्या बायकोने आधी त्यांचा हात धरला आणि मग डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर येऊन, छातीला नळी लावून, "ठणठणीत आहेत" असं जरा निराश आवाजात सांगून गेल्यावर बाबांनी शांतपणे खुलासा केला, की पलीकडे म्हणजे जलाशयाच्या पलीकडे. तरुणपणी ते वनरक्षक होते आणि तिथल्या जंगलातल्या चौकीवर त्यांनी नऊ वर्षं काढली होती. चौकी अजून उभी आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी म्हटलं, गाडी करू. वळसा घालून चाळीस किलोमीटर पडतं, दुपारच्या जेवणाला घरी. बाबा नाही म्हणाले. तेव्हा ते स्वतः बांधलेल्या नावेतून चौकीवर जात. आताही तसंच जायचं होतं. नाव जलाशयाच्या काठी बांधायची, हातांच्या हत्यारांनी बांधायची, आणि आम्ही दोघांनी बांधायची. ते बसून सांगणार होते. यातलं मला फक्त "दोघांनी" हे अशक्य वाटलं.

दुसरा म्हणजे दादा, माझा थोरला भाऊ. तो कारखान्यात मालाची तपासणी करायचा. केसाएवढ्या फरकावरून आपण गाडीभर माल कसा परत पाठवला याच्या हकिकती तो एकेकाळी मला रंगवून सांगत असे. एकेकाळी म्हणजे सात वर्षांपूर्वी. निवृत्त झाल्यावर तो आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आला, पण सात वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नव्हतो. आमच्या बायका रोज अर्धा तास फोनवर बोलतात, आणि त्यांच्या हसण्यावरून विषय कोण आहे ते कळतं.

कारण सांगूनच टाकतो. आई गेली त्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात हलवलं. दादा तेव्हा परगावी, तीन तासांच्या अंतरावर. मी फोन हातात घेतला तर बाबा म्हणाले, इतक्यात नको कळवू, आज त्याच्याकडे वरचे साहेब यायचे आहेत, हिचं हे नेहमीचंच आहे, संध्याकाळी घरी येईल. मी फोन खाली ठेवला. आई दुपारी गेली. दादा पोचला तेव्हा ती जाऊन तीन तास झाले होते. त्याने मला एकच विचारलं, सकाळी फोन का नाही केलास? मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांची पाठ वाकलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. मी म्हटलं, "सुचलं नाही."

त्या दोन शब्दांवर सात वर्षं गेली. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला स्वतःच्या त्यागाचं बऱ्यापैकी कौतुक वाटायचं. आरशात दाढी करताना मी स्वतःकडे आदराने बघत असे. पण त्यागाचं एक आहे, तो कुणालाच कळला नाही तर हळूहळू आंबतो. आईचा विषय निघाला की दादा उठून चपला घालायचा. तो नसताना बाबा "त्या दिवशी..." असं म्हणू लागले, की मी नळ नीट बंद आहे का ते बघायला जायचो. बाबांना आता नीट आठवतही नसेल, असं मी धरून चाललो होतो. बाबांच्या मागे मला आणि दादाला एका खोलीत आणणारं काही उरणार नव्हतं, आणि हे मला दिसत असूनही काय करावं ते कळत नव्हतं. समांतर रेषा एकमेकींना कधीच मिळत नाहीत, हे मी चौतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

बाबांनी दादाला काय सांगितलं कोण जाणे, पण दोन दिवसांनी वहिनींचा माझ्या बायकोला फोन आला. दादा येणार होता. दर रविवारी, स्वतःच्या गाडीने, स्वतःचा डबा घेऊन.

नावेची बातमी इमारतीत पसरायला एक दुपार पुरली. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे मॅनेजर म्हणतात. ते एकदा तीन दिवस मोठ्या जहाजावर राहून आले आहेत. त्यांनी मला जिन्यात गाठून गुरुत्वमध्य म्हणजे काय ते समजावून दिलं. मी ऐकून घेतलं, कारण त्यांच्या काखेत आमच्या घरचं वर्तमानपत्र होतं आणि ते मला परत हवं होतं. शेजारच्या काकूंचं म्हणणं पडलं की लाकडाच्या भानगडीत पडूच नये, प्लॅस्टिकचे चार पिंप दोरीने बांधावेत. बुडायची भीती नाही आणि नंतर पाणी भरून ठेवायला होतात. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याने मात्र मशीन थांबवून नीट विचार केला. तो म्हणाला, "सर, दोन्हीकडून माया ठेवा. आम्ही शिवणीपाशी कापड जास्तीचं ठेवतो ना, तशी. माया असली की थोडं कमी-जास्त झालं तरी जुळवून घेता येतं." मी त्याला समजावलं की लाकूडकामात माया नसते, अचूकता असते. तो "बरं सर" म्हणाला आणि मान खाली घालून पुन्हा मशीन चालवू लागला.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी पूर्ण तयारीनिशी गेलो. पहिल्यांदा "नाव नाही" लिहून अडकलो होतो, म्हणून त्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने ठळक लिहिलं, "आहे." साहेबांचं समाधान झालं. परवानगी आली, ती अशी: "‘आहे’ या नावेस एक दिवसापुरती, सकाळी दहा ते दुपारी एक, जलाशयात फिरण्यास मुभा देण्यात येत आहे." त्यामुळे आमच्या नावेचं नाव "आहे" असं पडलं. बदलायला गेलो असतो तर तिसरा अर्ज करावा लागला असता.

जलाशयाच्या काठी वादळात उन्मळून पडलेलं एक झाड होतं. ते वापरायची परवानगी वेगळ्या कार्यालयातून, वेगळ्या बाईंकडून घेतली. तो इतिहास मी वाचकांना माफ करतो. पहिल्या रविवारी बाबा घडीच्या खुर्चीवर, डोक्याला कानटोपी आणि मांडीवर छत्री अशा थाटात बसले. समोर हत्यारं मांडली: कुऱ्हाड, तासणी, रंधा, पटाशी, गिरमिट, हातोडा, आणि वखारवाल्याकडून मागून आणलेली एक लांबलचक करवत. तिला दोन्ही टोकांना मुठी होत्या. मी एक मूठ धरली. दुसरीकडे बघायचं मी टाळलं, पण ती कुणीतरी धरली होती.

या करवतीची गंमत अशी, की ती ढकलायची नसते. एकाने ओढायची, तेव्हा दुसऱ्याने नुसती धरून सोडत जायची. मग त्याने ओढायची, याने सोडायची. दोघांनी एकदम जोर लावला की ती वाकते आणि अडकते. पहिला तासभर ती अडकलेलीच होती. बाबा खुर्चीतून म्हणत होते, "ओढ. सोड. ओढ. सोड." ओढायला दोघेही तयार होते. सोडायला कुणीच तयार नव्हतं. अखेर हात इतके दुखायला लागले की दादा ओढेल तेव्हा मला आपोआपच विश्रांती घ्यावी लागली, आणि त्यालाही. तेव्हा कुठे भुसा पडायला लागला. जेवायच्या वेळेपर्यंत बाबांनी "ओढ, सोड" म्हणायचं थांबवलं होतं आणि आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मला त्या दिवशी बरं वाटलं, हे मी घरी कुणाला सांगितलं नाही; खांदा दुखतोय एवढंच सांगितलं.

बोलणं मात्र बाबांमार्फतच व्हायचं. दादा माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून बाबांना म्हणायचा, "याला सांगा, रंधा उलटा फिरवतोय." मला ते ऐकू आलेलं असायचं. तरी बाबा माझ्याकडे वळून सांगायचे, "तो म्हणतोय, रंधा छान चाललाय, फक्त दिशा बदलून बघ." मग मी म्हणायचो, त्याला सांगा, स्वतःच्या फळीकडे बघ म्हणावं. बाबा तिकडे वळून म्हणायचे, "तुझी फळी बघण्यासारखी झालीय म्हणतोय." असं पाच-सहा रविवार चाललं. तळाच्या फळ्या आम्ही शेवटी वखारीतून तयार आणल्या, कारण आमच्या वेगाने नाव व्हायला आणखी एक झाड पडेपर्यंत थांबावं लागलं असतं. बाजूच्या दोन मोठ्या फळ्या मात्र त्या झाडाच्याच, आमच्या हातच्या. डावी माझ्याकडे, उजवी दादाकडे.

आता मी त्या प्रसंगाकडे येतो, ज्याबद्दल मॅनेजर अजून जिन्यात माझ्याकडे बघून स्वतःशी हसतात.

फळ्या मापात कापायच्या होत्या. माझ्याकडे इंचांची टेप होती. दादाने सेंटिमीटरची आणली होती. बाबांनी विचारलं, कुठली वापरायची? दादा म्हणाला, याला सांगा, जगात कुठेच आता कुणी इंचात मोजत नाही. मी म्हटलं, त्याला सांगा, घरातल्या सगळ्या पडद्यांची मापं आईने इंचातच घेतली होती. दादाने टेप खिशात टाकली आणि तो झाडाकडे बघत उभा राहिला. बाबांना दोघांचे निरोप पोचवायचा कंटाळा आला असावा. ते म्हणाले, "टेपा ठेवा दोन्ही. मला ज्याने नाव बांधायला शिकवलं तो नावाडी हातानेच मोजायचा. बाजूची फळी आठ हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. घ्या मोजून."

मी माझी फळी मोजली. आठ हात. दादाने त्याची मोजली. आठ हात. दोघांनीही खूण केली, दोघांनीही कापली, आणि दोघांनीही कापण्याआधी एकदा पुन्हा मोजून खात्री केली, कारण एक भूमितीचा शिक्षक आणि एक तपासनीस. दादाची उंची सहा फूट एक इंच आहे. माझी पाच फूट चार. हात कुणाचा, एवढं जर कुणी कुणाला विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण विचारायला बोलावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी फळ्या समोरासमोर उभ्या केल्या तेव्हा माझी फळी त्याच्यापेक्षा सोळा इंचांनी कमी भरली. मी टेप काढून मोजलं. दादाने त्याची टेप काढून मोजलं, तर ते चाळीस सेंटिमीटर आणि वर थोडं आलं. दोन्ही मापं एकच. सात वर्षांत आमचं एवढंच काय ते जुळलं. आता एक तर त्याने फळी कापायची किंवा मी नवी करायची. बाबा आलटून पालटून दोघांकडे बघत राहिले.

दादा म्हणाला, "याला सांगा, याचा हात आखूड आहे." बाबा मला म्हणाले, "तुझा हात नाजूक आहे म्हणतोय." मी म्हटलं, त्याला सांगा, आठ हात म्हणजे आठ हात, माझं काही चुकलेलं नाही. त्यावर दादा बाबांना म्हणाला, अगदी हळू आवाजात, "याने पहिल्यापासून हात आखडताच घेतलाय. साधा फोन उचलायचा होता."

हा निरोप बाबांनी पोचवला नाही. त्यांनी कानटोपी काढली, ती मांडीवर नीट घडी करून ठेवली आणि म्हणाले, "जोडा तशीच." मला त्या वेळी बोलून टाकावंसं वाटलं. ओठांवर आलं होतं. पण बाबांचे हात त्या घडी केलेल्या टोपीवरून फिरत होते, आणि मी गिरमिट घेऊन भोकं पाडायला बसलो. शिंप्याची माया मला तेव्हा आठवली. ठेवायची राहून गेली होती, आणि ती फक्त लाकडातच राहून गेली होती असं नाही.

तशीच जोडली. मागची फळी तिरकी बसवली, फटींमध्ये कापूस आणि डांबर भरलं. कापूस माझ्या गादीतला. बायकोने तो निम्मा काढून दिला आणि उरलेल्या निम्म्यावर मी अजून झोपतो. नाव तयार झाली तेव्हा वरून बघणाऱ्याला ती केळ्यासारखी दिसायची. दादा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून एका ठिकाणी थांबला आणि खिशातून रुमाल काढून त्याने तिथलं डांबर पुसलं. तपासणीत माल पास झाला की तो असं काहीतरी करत असावा.

अकराव्या रविवारी सकाळी दहाला, परवानगीप्रमाणे, आम्ही ती पाण्यात लोटली. काठावर माझी बायको आणि वहिनी शेजारी-शेजारी खुर्च्या टाकून बसल्या होत्या. कार्यालयातून एक कर्मचारी पडताळणीसाठी आला होता. त्याने कागदाकडे पाहिलं, नावेकडे पाहिलं, "नाव?" असं विचारलं, मी "आहे" म्हटलं, आणि त्याने खूण केली. आम्ही तिघांनी नारिंगी जाकिटं घातली. बाबांना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून आत बसवलं. ते पुढच्या टोकाशी बसले, आमच्याकडे तोंड करून. मधल्या फळीवर डावीकडे मी, उजवीकडे दादा. पुढच्या दोन मिनिटांत काय होणार याबद्दल काठावर पैज लागली असावी, कारण नाव तरंगली तेव्हा वहिनी जोरात हसल्या आणि माझी बायको गप्प झाली.

नाव तरंगली, पण ती डावीकडे वळली. आम्ही वल्हवलं, ती आणखी वळली. पूर्ण एक गोल फिरून ती पुन्हा काठाच्या समोर आली, बायकांनी हात हलवले, आणि तिने दुसरा गोल सुरू केला. असे तीन गोल झाले. प्रत्येक गोलाला काठापासून थोडं थोडं दूर. माझी बाजू आखूड, त्यात माझा जोर कमी, आणि दादा आपला जीव खाऊन वल्हवत होता. त्याने थांबायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. तो बाबांना म्हणाला, "याला सांगा, जरा जोर लाव म्हणावं."

बाबांनी मला काहीच सांगितलं नाही. ते म्हणाले, "वल्ही वर घ्या दोघांनी."

आम्ही वर घेतली. नाव हळूहळू वळत राहिली. पायाशी कुठून तरी पाणी यायला लागलं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"जमिनीवर हे मी चारदा काढलं," बाबा म्हणाले. "दर वेळी तुमच्यातला एकजण उठून गेला. इथून कुणाला जाता येत नाही." दादाने काठाकडे पाहिलं. मीही पाहिलं. "तुमच्या आईला दवाखान्यात नेलं त्या सकाळी याने फोन हातात घेतला होता. मी नको म्हटलं. तू आल्यावर विचारलंस, तेव्हा मी भिंतीकडे बघत बसलो. याने स्वतःवर घेतलं, तरी बसलोच. मला भीती वाटली, तू माझ्याशी बोलायचा बंद होशील. म्हणून याच्याशी बंद झालास ते मी चालू दिलं. सात वर्षं चालू दिलं." मग त्यांनी जाकिटाची दोरी उगीच सोडली आणि पुन्हा बांधली. "चौकी बघायची आहेच मला. पण नाव त्यासाठी नव्हती."

सात वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो. तो आला की आपल्याला मोठं मोकळं वाटेल, दादाची मान खाली जाईल आणि मी उदारपणे क्षमा करीन, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. मला बाबांची दया आली, आणि दादाकडे बघवेना. तो वल्ह्याचं टोक धरून पाण्याकडे बघत बसला होता. नाव अर्धा गोल फिरली.

"तू दोनदा मार," तो म्हणाला. "मी एकदा मारतो."

मी बाबांकडे पाहिलं, ते काही सांगतात का म्हणून. ‘तू’ म्हणण्यासारखं नावेत दुसरं कुणी नव्हतं. मी दोनदा वल्हं मारलं, दादाने एकदा मारलं. पुन्हा दोनदा, पुन्हा एकदा. नावेने जरा आढेवेढे घेतले आणि मग ती सरळ निघाली.

बरंच अंतर आम्ही असेच गेलो. काठावरच्या खुर्च्या लहान झाल्या. मग दादा म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

मी म्हटलं, "बाबांचं वय झालं होतं."

"आणि माझं काय वय कमी होत होतं?"

मी दोनदा वल्हं मारलं. त्याने मारायच्या वेळी मारलं नाही, त्यामुळे नाव किंचित उजवीकडे वळली, तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच. दादाने वल्हं मांडीवर आडवं घेतलं होतं.

"शेवटी काही बोलली का ती?" त्याने विचारलं.

हे तो सात वर्षं कुणालाच विचारू शकला नव्हता, कारण हे फक्त मला माहीत होतं. बाबा त्या वेळी खाली औषधं आणायला गेले होते. खोलीत मी एकटा होतो, आणि मलाही ते आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. बाबा पुढे झुकले. त्यांनी कानामागे हात धरला.

"गॅस बंद केलास का, म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच. मी म्हटलं, हो, केलाय. मग तिने डोळे मिटले."

दादा माझ्याकडे वळला. "केला होतास?"

"नाही," मी म्हटलं. "दूध तसंच होतं गॅसवर. पातेल्याचा कोळसा झाला. शेजारच्या काकूंनी किल्लीने दार उघडून बंद केला."

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय ते कळेना. बाबांकडे पाहिलं तर त्यांचंही तसंच चाललं होतं, आणि माझं काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. नाव तिघांसकट हलत होती. दादाने हात काढले तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं.

"तू खोटं बोललास की तिला लगेच कळायचं," तो म्हणाला. "मलाच कळलं नाही."

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. आम्ही वल्ही बाजूला ठेवली आणि दोघांनी मिळून ते उपसायला घेतलं.